कोंड्याची बाजू

भाचीला भाताची गिरणी बघायची होती, म्हणून तिला घेऊन गेले. आत पाऊल टाकलं की आधी कान बधिर होतात. पट्टे फिरत असतात, चाळण्या थरथरत असतात आणि हवेत इतकी बारीक धूळ असते की खिडकीतून आलेला उन्हाचा कवडसा हातात धरता येईल असं वाटतं. यंत्राच्या पुढच्या तोंडातून तांदूळ पडत होता, पांढराशुभ्र, हाताला कोमट लागणारा. सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे. मागच्या बाजूला मात्र एका गोणीच्या तोंडाशी कापडी नळी बांधलेली होती आणि तिच्यातून फिकट तपकिरी पीठ भुरभुरत खाली उतरत होतं. पोरीनं त्यात बोट घातलं आणि चाटलं. "मावशी, गोड आहे!" गिरणीवाले काका हसले. "थुंक ते बाळा, गुरांचं आहे." ती थुंकली, बाहीला तोंड पुसलं आणि पुन्हा तांदळाच्या धारेपाशी जाऊन उभी राहिली. तिच्या दृष्टीनं विषय तिथंच संपला.

माझा संपला नाही. कारण थोड्याच दिवसांपूर्वी एका ओळखीच्या बाईंच्या स्वयंपाकघरात मी हेच पीठ पाहिलं होतं. झाकणबंद बरणीत, वर हिरव्या पानाचं चित्र आणि 'स्टॅबिलाइज्ड राइस ब्रॅन' अशी अक्षरं, म्हणजे तांदळाचा कोंडाच. त्या रोज सकाळी अनशापोटी एक चमचा कोमट पाण्यातून घेत होत्या. कोलेस्टेरॉल, साखर, पोट, केस, त्वचा, झोप... त्यांची बोटं संपली तरी फायदे संपेनात. एकाच दाण्याची एकच साल. एकीकडे पोराच्या तोंडातून काढून टाकायची, दुसरीकडे औषधासारखी डोळे मिटून घ्यायची. यातलं एक कुणीतरी चूक असणार असं मला वाटत होतं, आणि दोघंही थोडे थोडे बरोबर असले तर काय, हेही आतून टोचत होतं. गुपचूप मीही त्या गोणीतली चिमूट तोंडात टाकली होतीच. आधी किंचित गोड, मग खसखशीत, आणि शेवटी जिभेवर तेलाचा हलका लेप.

तो तेलाचा लेप लक्षात ठेवा, पुढं सगळं त्याच्यावरच अडतं.

शेतातून आलेला दाणा दोनदा सोलला जातो. आधी निघतं तूस, सिलिकानं भरलेलं, खरखरीत, खाण्याच्या दृष्टीनं जवळजवळ निरुपयोगी. भाताच्या वजनाचे सुमारे २० टक्के तिथंच जातात. उरतो तो तांबूस-करडा दाणा, ज्याला हल्ली सगळेच ब्राऊन राइस म्हणतात. मग पॉलिश. घासून घासून त्याच्या अंगावरचे पातळ पदर निघतात: फळाची साल, बियाची साल, तिच्या आतला अल्युरोन नावाचा पेशींचा थर, आणि दाण्याच्या एका टोकाला चिकटलेला अंकुर. हे सगळं मिळून कोंडा, भाताच्या वजनाच्या जेमतेम ८ ते १० टक्के. आत राहतो तो पांढरा दाणा म्हणजे मुख्यतः पिष्टमय पदार्थ, झाडानं आपल्या लेकरासाठी बांधून दिलेली शिदोरी. शिदोरी आपण ठेवून घेतो आणि लेकरू मागच्या गोणीत जातं.

आता आकडे, कारण बरणीवरच्या पानापेक्षा ते बरे. १०० ग्रॅम कच्च्या कोंड्यात साधारण २१ ग्रॅम तंतू, जवळजवळ तितकीच चरबी आणि १३ ग्रॅम प्रथिनं असतात. मॅग्नेशियम ७८० मिलिग्रॅमच्या आसपास, नायसिन ३४ मिलिग्रॅम, लोह १८ मिलिग्रॅम, आणि थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, पावणेतीन मिलिग्रॅम. पॉलिश केलेल्या कच्च्या तांदळात हेच थायमिन १०० ग्रॅमला ०.०७ मिलिग्रॅम भरतं. म्हणजे जवळजवळ ४० पटींचा फरक. पण १०० ग्रॅम कोंडा कोण खाणार? घशाखाली उतरणारही नाही. दोन मोठे चमचे, म्हणजे १५ ग्रॅम धरू. त्यात तंतू ३ ग्रॅम, मॅग्नेशियम ११५ मिलिग्रॅमच्या वर आणि थायमिन ०.४ मिलिग्रॅम, मोठ्या माणसाच्या दिवसभराच्या गरजेचा तिसरा हिस्सा. दोन चमच्यांच्या मानानं हे भरपूर झालं. लोहाचा आकडा मात्र कागदावरच जास्त शोभतो. कोंड्यात फायटिक आम्ल पुष्कळ असतं आणि ते लोह, जस्त यांना असं घट्ट धरून ठेवतं की बरंचसं शरीरात न शिरताच पुढं निघून जातं. हे बरणीवर लिहिलेलं नव्हतं.

या थायमिनची गोष्ट मला फार पूर्वी शाळेच्या पुस्तकात भेटली होती, पण तिथं ती दोन ओळींत उरकलेली. सविस्तर वाचली तेव्हा तिच्यातला आचारी सापडला. १८८६ मध्ये डच सरकारनं जावा बेटावर बटाव्हियाला (आजचं जकार्ता) डॉक्टरांचं एक पथक पाठवलं. बेरीबेरी नावाच्या रोगानं सैनिकांचे पाय लुळे पडत होते, हृदय बंद पडत होतं, आणि तो काळ जंतूंचा असल्यामुळं सगळे जंतूच शोधत होते. पथकातला तरुण क्रिस्तियान आइकमान तिथंच राहिला. १८८९ च्या सुमारास त्याच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्या अचानक लडखडायला लागल्या. रोग्यांचं रक्त टोचलेल्याही आणि न टोचलेल्याही. आणि काही महिन्यांनी, कुणी काही केलेलं नसताना, बऱ्या झाल्या. चौकशी करता कळलं ते असं: कोंबड्यांची देखभाल करणारा माणूस लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातून उरलेला शिजवलेला पांढरा तांदूळ आणून त्यांना घालत होता. मग स्वयंपाकी बदलला. नव्या स्वयंपाक्यानं लष्कराचा तांदूळ मुलकी कोंबड्यांना द्यायला साफ नकार दिला. कोंबड्या पुन्हा पॉलिश न केलेल्या साध्या तांदळावर आल्या आणि उभ्या राहिल्या. त्या स्वयंपाक्याचं नाव इतिहासात राहिलेलं नाही. जीवनसत्त्वांच्या शोधात एका माणसाच्या कारकुनी खाक्याचा वाटा आहे, याचं मला अजूनही हसू येतं.

गंमत अशी की आइकमानचं अनुमान सरळ नव्हतं. त्याला वाटलं, पांढऱ्या दाण्यात कसलं तरी विष असावं आणि त्याच्यावरचा उतारा त्या तांबूस पापुद्र्यात असावा. म्हणजे कोंडा हे अन्न, असं त्यालाही सुचलं नाही. त्याच्या लेखी ते औषधच. (बरणीवाल्या बाईंची मला इथं आठवण झाली.) पुढं अडोल्फ फोर्डरमान या डॉक्टरनं जावामधले १०१ तुरुंग पालथे घातले आणि १८९७ मध्ये हिशेब मांडला. जिथं पॉलिश न केलेला तांदूळ होता तिथं १० हजारांत एखाद्या कैद्याला बेरीबेरी. जिथं पांढरा होता तिथं दर ३९ कैद्यांमागे एकाला. इमारत किती जुनी, वारा किती खेळतो, गर्दी किती, हेही त्यानं तपासलं आणि त्या कशानंच फरक पडत नव्हता. १९०१ मध्ये आइकमानचा सहकारी खेरिट ग्राइन्स यानं सरळ सांगितलं की विष वगैरे काही नाही, काहीतरी कमी पडतंय. १९१० मध्ये जपानमध्ये उमेतारो सुझुकी यांनी कोंड्यातून ते काहीतरी बाजूला काढलं, पण ते शेतीचे रसायनशास्त्रज्ञ, डॉक्टर नव्हेत, त्यामुळं वैद्यकीय वर्तुळात त्यांची डाळ शिजली नाही. शुद्ध स्फटिक हाती आले ते १९२६ मध्ये, पुन्हा बटाव्हियातच. यान्सेन आणि डोनाथ यांनी ३०० किलो कोंडा खपवून १०० मिलिग्रॅम थायमिन मिळवलं. तीनशे किलो! गिरणीतल्या त्या गोण्यांची थप्पी मी मनातल्या मनात रचून पाहिली आणि शेवटी नखावर मावेल इतकी पूड.

जपानी आरमाराची हकीकत त्याहून जास्त बोचते. १८८३ मध्ये रिउजो नावाचं प्रशिक्षण जहाज लांबच्या सफरीवरून परतलं तेव्हा ३७६ जणांपैकी १६९ जणांना बेरीबेरी झाली होती आणि २५ जण दगावले होते. कानेहिरो ताकाकी या आरमारी डॉक्टरनं पुढच्या वर्षी दुसरं जहाज त्याच मार्गानं पाठवायला लावलं, फक्त खाणं बदलून. त्या जहाजावर बेरीबेरीनं एकही माणूस मेला नाही. ताकाकींचं कारण चुकीचं होतं, त्यांना प्रथिनं कमी पडतात असं वाटत होतं, पण इलाज बरोबर निघाला. लष्करानं मात्र हा इलाज मानला नाही. कारण चुकीचं म्हणून इलाजही चूक, असा तो बाणेदारपणा. १९०४-०५ च्या रशियाबरोबरच्या युद्धात बेरीबेरीनं सुमारे २७ हजार जपानी सैनिक गेले. यामागं नुसती वैद्यकातली भांडणं नव्हती. गरीब घरातल्या कित्येक पोरांना पोटभर पांढरा भात पहिल्यांदा लष्करातच मिळत होता. त्यांच्या ताटातून तो काढून घ्यायचा आणि सातू मिसळून द्यायचे, हे त्यांना अपमानासारखं वाटलं असतं. शुभ्र दाणा म्हणजे बरे दिवस आले, ही भावना त्या एकाच देशापुरती नव्हती.

आणि मला स्वतःला तो शुभ्र दाणा आवडतो, हेही सांगून टाकते. नुकताच निवलेला, मोकळा, वाफेला हलका गोडसर वास असलेला पांढरा भात पाहिला की पोषणतज्ज्ञांचे सगळे तक्ते मागं पडतात. तांबूस भाताला चावावं लागतं, तो पटकन शरण येत नाही. तोंडात त्याचा सालपटाचा चिवटपणा रेंगाळतो. त्याच्या वासात थोडं गवत, थोडं ओलं लाकूड असतं. काही दिवस तो हवासा वाटतो, काही दिवस नुसतं कर्तव्य वाटतं. 'एकदा सवय झाली की पांढरा नकोसा होतो' असं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

पण दाणा पांढरा करण्यामागं नुसती हौस होती असंही नाही, आणि इथं तो तेलाचा लेप येतो. कोंड्यातली २० टक्के चरबी अल्युरोनच्या थरात आणि अंकुरात असते. ती फोडणारं लायपेझ नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, असतं सालीत. दाणा अखंड असेपर्यंत दोघं आपापल्या खोलीत असतात, दार बंद असतं. पॉलिशच्या यंत्रानं दाणा घासला की भिंती कोसळतात, विकर तेलावर तुटून पडतं आणि मोकळी स्निग्धाम्लं सुटायला लागतात. दमट हवेत हे प्रमाण दिवसाला ५ ते ७ टक्क्यांनी वाढू शकतं. भाचीनं चाटला तो कोंडा नुकता पडलेला, म्हणून गोड. चार दिवसांनी त्याच गोणीत बोट घातलं असतं तर साबणासारखा कडवट वास आला असता. म्हणजे 'गुरांचं आहे' या वाक्याच्या मागं तिटकारा कमी आणि हे शास्त्र जास्त होतं, गिरणीवाल्या काकांना ते याच शब्दांत माहीत असो वा नसो. पांढरा तांदूळ गोदामात, जहाजात, कोठीत वर्षभर टिकतो. अंगावर कोंडा असलेला सहा-आठ महिन्यांत खवट होऊ लागतो. ज्यांना दुष्काळाची आणि लांबच्या वाटेची भीती होती त्यांनी टिकणारा दाणा निवडला, यात मला मूर्खपणा दिसत नाही.

'स्टॅबिलाइज्ड' या अवघड शब्दाचा अर्थही एवढाच: कोंडा पडल्या पडल्या त्याला काही सेकंद कडक, ओलसर उष्णता द्यायची, म्हणजे लायपेझ मरतं. मग तो महिनोनमहिने राहतो. बरणी घेणाऱ्यानं त्यावरचं हिरवं पान सोडून हाच एक शब्द शोधावा, आणि उघडल्यावर आधी नाकाला विचारावं. न भाजलेला, सुट्टा, कधी पडला ते ठाऊक नसलेला कोंडा खरोखरच गुरांनाही ताजा असेल तरच घालावा.

तेलाचं प्रकरण निराळं. कोंड्याचं तेल काढतात, ते मोठ्या आचेवर लवकर धुरावत नाही, त्यात ओलेइक आम्ल ४० टक्क्यांच्या आसपास, आणि सोबतीला ओरायझनॉल नावाचं बिरुद. १९५० च्या दशकात जपानी शास्त्रज्ञांनी ते या तेलातून वेगळं काढलं तेव्हा ते एकच रसायन असेल असं वाटलं होतं. निघाला मेळावा: फेरुलिक आम्लाला बिलगलेली निरनिराळी वनस्पती-स्टेरॉल. कोलेस्टेरॉल उतरवण्याचं श्रेय बऱ्याच अंशी याच मंडळींना देतात. इथं एक अभ्यास मला फार आवडला, अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला. त्यांनी स्वयंसेवकांना आधी तेल काढलेला कोंडा खायला घालून पाहिला, म्हणजे नुसते तंतू. एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, हललं नाही. मग आहारातल्या तेलाच्या जागी कोंड्याचं तेल दिलं, तेव्हा ते काही टक्क्यांनी खाली आलं. म्हणजे कोंड्याच्या तंतूंचं पोटाला जे भलं व्हायचं ते होतंच, पण कोलेस्टेरॉलचं काम तेलाचं. आणि तेही 'काही टक्के'. ज्याला गोळी लागते त्याची गोळी सुटेल असं नव्हे. त्यात पुन्हा एक मेख आहे: क्षारानं शुद्ध केलं की बरंचसं ओरायझनॉल साबणाच्या गाळाबरोबर निघून जातं, वाफेनं, भौतिक पद्धतीनं शुद्ध केलेल्या तेलात ते जास्त टिकतं. बाटली सोनेरी आणि नितळ दिसावी म्हणून आपण जे जे करतो त्यात त्याच बाटलीचा गुण कमी होतो. दाण्याचं जे झालं तेच तेलाचं.

यापुढचं बरणीवाल्या बाईंना कसं सांगावं ते मला बरेच दिवस सुचलं नाही. भाताचं पीक पाण्यात उभं असतं, आणि पाणथळ, प्राणवायू नसलेल्या मातीत आर्सेनिक हे विषारी मूलद्रव्य सुटं होऊन मुळांतून वर चढतं. दाण्यात आल्यावर ते बाहेरच्या थरांत जास्त साठतं, म्हणजे नेमकं कोंड्यात. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत कोंड्यातलं अकार्बनी, म्हणजे जास्त विषारी रूपातलं, आर्सेनिक अख्ख्या दाण्याच्या मानानं १० ते २० पट, किलोला १ मिलिग्रॅमच्या घरात भरलं. यातलं वाचून सुन्न व्हायला झालं ते हे, की कोंड्यापासून केलेली पोषक पूड कुपोषित मुलांच्या मदतीसाठी पाठवली जात होती आणि तिच्यातही ते सापडलं. सगळ्या मातीत ते सारखं नसतं, सगळ्या वाणांत सारखं नसतं, आणि आठवड्यातून चार वेळा तांबूस भात खाणाऱ्या धडधाकट माणसानं घाबरून जाण्यासारखं काही नाही. पण रोज चमचा-चमचा कोंडा, वर्षानुवर्षं, आणि तोही तान्ह्या मुलाच्या खिमटीत किंवा गरोदर बाईच्या पेल्यात, याला मी तरी नकार देईन. भरपूर पाण्यात शिजवून पेज ओतून दिली की आर्सेनिक कमी होतं, हे खरं. त्याच पेजेबरोबर ब जीवनसत्त्वंही जातात, हेही खरं. या दाण्याजवळ फुकट काही मिळत नाही.

शेवटी बाईंना मी एवढंच सांगितलं की बरणी संपली की नवी आणू नका, त्याऐवजी ज्याच्या अंगावर थोडा कोंडा राहिलाय असा तांदूळ खा; चमच्यात एकवटून घेण्यापेक्षा तो दाण्यावर विरळ पसरलेलाच बरा. त्यांचा चेहरा उतरला. भातात औषधाचा दिमाख नाही. मग मी उकड्या तांदळाचं सांगितलं: भात तुसासकट भिजवून वाफवला की सालीतलं थायमिन पाण्याच्या ओढीनं दाण्याच्या आत सरकतं आणि मग वरून पॉलिश केलं तरी बरंचसं आतच राहतं. बेरीबेरीच्या काळात उकडा खाणारे लोक त्यामुळंच बरेचसे वाचले. हे ऐकून त्यांचा चेहरा थोडा खुलला, कारण यात युक्ती होती, आणि माणसाला युक्ती आवडते.

आमच्या घरात सध्या अर्धा तांबूस, अर्धा पांढरा असा तह झालेला आहे. दोन्ही एकत्र शिजत नाहीत, एकाला दुप्पट वेळ आणि जास्त पाणी लागतं, म्हणून तांबूस रात्री भिजत घालावा लागतो आणि ते काम अर्थातच ज्याची हौस त्यानं करायचं. मी करते. परवा आईच्या पानात वाढताना मी मॅग्नेशियमपासून सुरुवात केली, थायमिनपर्यंत पोचले, कोंबड्यांच्या गोष्टीकडे वळणार इतक्यात तिनं भाताचं भांडं स्वतःकडे ओढलं आणि पांढऱ्या बाजूनं चमचा घातला. म्हणाली, "जीवनसत्त्वं तुझी असतील, दात माझे आहेत."